वजा ई

३ मार्च

आत्या,

पाया पडायचा भाग तू फोनवर कधीच पूर्ण करू देत नाहीस, म्हणून तो इथे आधीच उरकून घेते. नमस्कार.

काम असं आहे. तू आणि तुझी ठिकठिकाणची मंडळी मिळून तो 'पडसाद' नावाचा मुक्त प्रोग्राम सांभाळता ना, माणसाची वाक्यं रेकॉर्ड करून घेणारा आणि मग टंकलेलं काहीही त्याच्याच आवाजात बोलून दाखवणारा, तो मला एका जुन्या संगणकावर बसवायचा आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतात, त्यांना हवा आहे. वयस्कर गृहस्थ आहेत. फारशी ओळख नाही. त्यांना आपल्याच यंत्राची सवय आहे, म्हणून माझा लॅपटॉप देऊन भागणार नाही.

या संगणकासाठी तयार प्रत मिळत नाही, मूळ मजकूर आणून तिथल्या तिथे बांधावा लागतो, असं तुमच्या पानावर वाचलं. त्याप्रमाणे तू लिहिलेली 'बांधणी' ही स्क्रिप्ट चालवली, तर ती तिसऱ्याच ओळीला आडवी झाली. म्हणते, '[[' नावाची आज्ञा सापडत नाही. माझ्या लॅपटॉपवर हीच स्क्रिप्ट ब्र न काढता चालते. एकच मजकूर, दोन यंत्रं, दोन उत्तरं! भिंगं घासून पोट भरणाऱ्या बाईने यातून काय समजायचं?

घाई आहे. २४ तारखेच्या आत व्हायला हवं. बाबा मजेत आहेत.

तुझी
खारू


४ मार्च

प्रिय खारू,

चूक माझी आहे, आणि ती इतकी सुंदर चूक आहे की सुरुवातीपासून समजावल्याखेरीज मला राहवणार नाही. खुर्ची ओढून बस.

स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची चिठ्ठी. ती वाचून एकेक आज्ञा जो पार पाडतो, त्याला शेल म्हणतात. चिठ्ठीच्या पहिल्याच ओळीत आपण त्याला हाक मारतो: sh. आता गंमत पाहा. ही हाक 'मामा' या हाकेसारखी आहे. 'मामा' अशी हाक कोणत्याही घरात मारता येते; पण 'ओ' कोण देईल, हे घरागणिक ठरतं. माझ्या संगणकावर ओ देणारा मामा मोठा लाडावणारा आहे. 'जरा ते हे कर' म्हटलं तरी त्याला उमगतं. तुझ्या त्या जुन्या संगणकावरचा मामा शिस्तीचा. प्रमाण व्याकरणात जेवढं लिहिलं आहे तेवढंच तो ऐकतो आणि बाकीच्याला 'हे काय असतं?' असं विचारतो. तो अडाणी आहे असं मात्र समजू नकोस. उलट तो चपळ आहे, थोडक्या जागेत राहतो, आणि नियमाबाहेरचं एक अक्षर बोलत नाही.

मी इतकी वर्षं माझ्या मामासाठी लिहीत राहिले आणि जगातल्या सगळ्या मामांसाठी लिहिते आहे अशा समजुतीत राहिले. दुहेरी चौकटी कंस ही त्याची घरगुती बोली आहे. मी ते एकेरी केले आहेत, आणि तुलनेसाठी दोनदा लिहिलेलं बरोबरचं चिन्ह एकदाच ठेवलं आहे. हे सगळ्यांना कळतं. दुरुस्त स्क्रिप्ट सोबत जोडली आहे.

यापुढे काही अडलं, तर पडद्यावरचा सबंध मजकूर जसाच्या तसा पाठव. मधलं काही गाळू नकोस. 'काहीतरी एरर आला' असं तर कधीही लिहू नकोस. तसं लिहिणाऱ्याला मी जेवायला वाढत नाही.

तुझ्या बापाचं काय चाललं आहे? फोन उचलतो, घसा बसलाय म्हणतो आणि ठेवून देतो. कुलपं दुरुस्त करताना हा माणूस दिवसभरात जेवढे शब्द खर्च करतो, तेवढे मी पहिल्या स्वल्पविरामाआधीच संपवते. त्याचा घसा बसायला झालं तरी काय? मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला सांग. मिठाने नेमकं काय घडतं, ते वेगळ्या पत्रात लिहीन.

तुझी
आत्या


६ मार्च

आत्या,

मामा वळणावर आला, पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! बांधणी निम्म्याहून पुढे गेली आणि पुन्हा थांबली. दुकान उघडायची वेळ झाली आहे, म्हणून तुझ्या हुकुमाप्रमाणे सगळा मजकूर वाचत न बसता खाली डकवते.

गुळण्यांचा निरोप दिला. 'बरं' म्हणाले.

खारू

पडसाद: आवाजाच्या फोल्डरची प्रत करत आहे
बाबांचा: असा फोल्डर सापडत नाही
आवाज: असा फोल्डर सापडत नाही
ऑपरेशनआधी: असा फोल्डर सापडत नाही
पडसाद: बांधणी थांबवली


८ मार्च

प्रिय खारू,

आधी दुरुस्ती सांगते, कारण ती मला सांगता येते.

फोल्डरचं नाव स्क्रिप्टमध्ये एका डबीत ठेवलेलं असतं. डबी नुसतीच उघडली, तर शेल आतला मजकूर बाहेर काढतो आणि जिथे रिकामी जागा दिसेल तिथे तो तोडतो. डबीच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घातली, की आतलं सगळं एकच आहे हे त्याला समजतं आणि तो हात लावत नाही. मी ती घातली नव्हती. माझ्या फोल्डरांची नावं एका शब्दाची असतात, त्यामुळे माझ्याकडे तुटण्यासारखं काही नव्हतंच. आता सबंध स्क्रिप्ट वरून खालपर्यंत तपासून जिथे जिथे डबी आहे तिथे अवतरणचिन्हं घातली आहेत. तुझ्या फोल्डरचं नाव बदलू नकोस. आहे तेच राहू दे.

आता त्या तीन ओळी. तू लिहिलेल्या एका नावाचे यंत्राने तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा 'सापडत नाही' असं म्हणून माझ्यापुढे मांडला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त माझी चूक दिसली आणि मी चक्क खूश झाले. पेन्सिल घेऊन स्क्रिप्टवर खुणा करायला बसले. दुसऱ्या पानावर गेल्यावर हात थांबला.

खारू, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. पण हे भांडं तुला कोणी लपवायला लावलं, तेही मला समजतं. मी त्याला फोन केलेला नाही. त्याने मला सांगायचं नाही असं ठरवलं असेल, तर मला ठाऊकच नाही असं मी वागेन. पण तू सांग. ऑपरेशन कसलं, आणि नंतर आवाज किती उरेल?

सोबत वाक्यं पाठवते आहे. पडसादबरोबर येणारी ठरावीक वाक्यं मी त्याला वाचायला देणार नाही. 'आजचे हवामान कोरडे आहे' हे वाक्य तो आयुष्यात कधी बोललेला नाही. मराठीतला प्रत्येक ध्वनी प्रत्येक शेजाऱ्यासह किमान एकदा यावा लागतो, तरच यंत्राला पुढे नवे शब्द जोडता येतात. ते सगळे ध्वनी मी त्याच्या तोंडी शोभतील अशा वाक्यांत बसवले आहेत. दोन दिवस दुसरं काही केलं नाही.

आत्या


१३ मार्च

आत्या,

स्वरयंत्र काढावं लागणार आहे. गाठ आहे, वेळेवर सापडली, डॉक्टर निर्धास्त आहेत. मी त्यांच्यासारखी व्हायचा प्रयत्न करते. २४ तारखेला ऑपरेशन. नंतर आवाज उरणार नाही. 'कमी होईल का?' असं मी दोनदा विचारलं, तेव्हा त्यांनी 'उरणार नाही' असं दोनदा सांगितलं.

तुला न सांगण्याचं कारण बाबांच्याच शब्दांत देते: "ताईला कळलं तर ती गुडघा धरून धावत येईल, खाटेशेजारी बसेल आणि गाठ म्हणजे काय हे मला पेशीपासून समजावेल. माझं ऑपरेशन झालेलं असेल. मला 'पुरे' म्हणता येणार नाही."

आवाज साठवायची कल्पना माझी. ते म्हणाले, माझ्या आवाजाला विचारतंय कोण, कुलूप किल्लीने उघडतं. मी म्हटलं, मी विचारते. मग मायक्रोफोन कुठे ठेवायचा ते बघू लागले.

बांधणी पूर्ण झाली! पहिल्या प्रयत्नात, फोल्डरचं नाव न तोडता. मी पडद्यावर तुझी वाक्यं लावून दिली आणि तुझा उल्लेखही केला नाही. दोन वाक्यं वाचली आणि बाबा थांबले.

"ही ताईने लिहिलीत."

"कशावरून?"

"एका ओळीत दोनदा 'म्हणजेच' आलंय. आणि 'कुलूप बिघडलेलं नाही, आपण चुकीची किल्ली लावतो आहोत', हे वाक्य मी तिला तिच्या हॉस्टेलच्या दारात उभं राहून ऐकवलं होतं." मग थोड्या वेळाने, "म्हणजे कळलं तिला." आणि आणखी थोड्या वेळाने, "मग नीट वाचायला हवं."

मी कामावर गेले. डॉक्टरांनी रोज थोडंच बोलायची परवानगी दिली आहे. पण त्या दिवशी त्यांनी आपल्या कुलपांच्या दुकानाला आतून कडी घातली आणि पाणी पीत पीत बहुतेक सगळी वाक्यं एकट्याने संपवली. संध्याकाळी मी हेडफोन लावून ऐकते तर काय:

"वजा ई. कुलूप बिघडलेलं नाही."

"वजा ई. झालं काम, आता तेल देत जा."

"वजा ई. खारू, छत्री विसरू नकोस."

प्रत्येक वाक्याआधी, आत्या! पडद्यावर खरंच प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला -e असं दिसतं. मी विचारलं, बाबा, हे का वाचलंत? ते म्हणाले, "ताईने लिहिलंय. ती उगाच काही लिहीत नाही."

मला हसावं की रडावं कळेना. आज आवाज पार गेला आहे. पुन्हा वाचायचं म्हटलं तर घसा साथ देणार नाही, आणि डॉक्टर ओरडतील ते वेगळंच. सगळं वाया गेलं का?

खारू


१५ मार्च

प्रिय खारू,

काहीही वाया गेलेलं नाही. त्याच्याकडून एक अक्षरही पुन्हा वाचून घेऊ नकोस.

तो वजा ई माझा आहे. 'हे पडद्यावर लिही' अशी एक आज्ञा असते, echo. तिच्यापुढे -e लिहिलं, की माझ्याकडचा शेल ते स्वतःसाठी दिलेली खूण समजून गिळून टाकतो आणि फक्त पुढचा मजकूर लिहितो. तुझ्याकडचा शेल म्हणतो, लिहायला सांगितलं आहे, लिहितो. प्रमाणाप्रमाणे पाहिलं तर बरोबर तोच आहे. ती आज्ञा मी सगळीकडून काढून तिथे printf बसवली आहे; ती सगळीकडे सारखी वागते. हे मला फार पूर्वीपासून माहीत होतं. दुसऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये मी हीच चूक लाल शाईने दाखवत आले आहे. आपला तो बाब्या, दुसरं काय?

सगळी रेकॉर्डिंग माझ्याकडे पाठव. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीचा तुकडा कापायचा आहे. एका ठरावीक अंतरावर कापणारी स्क्रिप्ट लिहिता आली असती. पण तो कधी 'वजा ई' म्हणून लगेच पुढे जातो आणि कधी मध्ये श्वास घेतो, आणि यंत्राने त्याच्या वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लेलं मला चालणार नाही. तेव्हा एकेक ऐकून हातानेच कापेन.

आत्या

ता. क. पत्र पाठवायच्या आधीच तू आपणहून पाठवलेली निम्मी रेकॉर्डिंग आली, म्हणून लिहिते. आम्ही दोघं एका घरात वाढलो, पण त्याला इतका वेळ सलग बोलताना मी ऐकलेलं नाही. मागे कुठेतरी कानस घासल्याचा आवाज येतो. तो बोलता बोलता किल्ली घासत होता का? एकदा कोणीतरी दार वाजवतं आणि तो मायक्रोफोन बंद न करताच 'आज बंद आहे, उद्या या, गोड माणसा' असं म्हणतो. 'गोड माणसा!' माझ्याशी तर कधी असं बोलला नाही. ते वाक्य माझ्या यादीत नाही, तरी मी ते ठेवलं आहे. त्यात 'ड'नंतरचा 'म' फार स्वच्छ आला आहे.


२३ मार्च

आत्या,

बांधणी पूर्ण. आवाज तयार. उद्या सकाळी ऑपरेशन.

बाबा म्हणाले, "ताईला येऊ नको म्हणून सांग. ती येईलच. मग गुडघ्याला पट्टा बांधून ये म्हणावं, आणि खिडकीकडच्या बाजूला बस म्हणावं, तिकडची खुर्ची बरी आहे."

हे सगळं त्यांनी आपल्या आवाजात सांगितलं. मी रेकॉर्ड केलं नाही. नुसतं ऐकलं.

खारू


१९ एप्रिल

आत्या,

तू परत गेल्यापासून घर फार शांत आहे. बाबांनी पाटीवर लिहिलं, 'पेशींचं शेवटी काय झालं? अर्ध्यावर सोडून गेली.' म्हणजे ऐकत होते!

तू इथे होतीस तेव्हा त्यांनी यंत्राला हात लावला नाही, त्याचं तुला वाईट वाटलं. तू बोलली नाहीस, पण मी पाहिलं. काल मात्र लावला. मी भिंगाच्या कामात होते आणि ते दुकानात एकटे. फोन वाजला. एरवी ते वाजू देतात. पण नंबर शिवणकाम करणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा होता. त्यांचं दार मागच्या वर्षीही असंच अडकलं होतं आणि आत गॅसवर दूध होतं. पाटी फोनवर दाखवता येत नाही. बाबांनी फोन उचलला, दार पुन्हा अडकल्याचं ऐकलं, फोन यंत्रापाशी धरला आणि टंकलं: 'दाराला धक्के मारू नका. मी येतो.'

त्या बाई नंतर मला म्हणाल्या, "आवाज जरा घोगरा येत होता. सर्दी झाली होती का त्यांना?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? धक्के मारायचं थांबवलं. ते म्हणाले ना."

आत्या, त्यांना कळलंच नाही. पलीकडे बाबा होते, एवढंच त्यांना कळलं.

रात्री जेवताना यंत्र टेबलावर आलं. पहिलं वाक्य, 'मीठ कमी आहे.' मी पानावरच रडायला लागले, तर दुसरं, 'एवढंही कमी नाही.'

आवाजाची फाइल तुला पाठवते आहे. तुझ्या यंत्रावर लावून बघ. सगळीकडे चाललं पाहिजे, असं तूच म्हणतेस ना? बाबांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. म्हणजे हो.

खारू


२१ एप्रिल

प्रिय खारू,

फाइल पहिल्याच फटक्यात चालली. तुझ्याकडे बांधलेली वस्तू माझ्याकडे एक अक्षर न बदलता उभी राहिली, आणि मंडळीतल्या एका परिचारिकेने कळवलं आहे की तिच्या रुग्णालयातल्या जुनाट यंत्रावर नवी बांधणी कोणाचीही मदत न घेता पूर्ण झाली. तुझ्या त्या तीन तुटलेल्या ओळींवाचून हे झालं नसतं. एरवी या विषयावर मी तुला चार पानं लिहिली असती.

पण काल काय झालं ते सांगते. यंत्रापुढे बसले आणि चाचणीसाठी काहीतरी टंकायचं म्हणून टंकलं: 'ताई, मी बरा आहे. तू काळजी करू नकोस.' आता फक्त एक कळ दाबायची होती. त्याच्या आवाजात ते ऐकू आलं असतं, अगदी स्वच्छ. त्यातला प्रत्येक ध्वनी मी स्वतः कापून जागेवर बसवला आहे.

बोट कळेवर ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. मग ओळ पुसली. हे त्याने म्हटलेलं नाही. म्हणेल की नाही तेही मला ठाऊक नाही. कदाचित काळजी कर असंही म्हणेल. तो तसा आहे. जगातल्या कोणत्याही यंत्रावर विनातक्रार चालावं, यासाठी मी आयुष्यभर लिहीत आले. हा आवाज मात्र एकाच यंत्रावर चालायला हवा, आणि कळपाटीवर बोटं त्याचीच असायला हवीत. फाइल मी माझ्याकडून काढून टाकली आहे. तुझ्या लॅपटॉपवर प्रत असेल तर ती ठेवायची की नाही, हे त्यालाच विचार. या वेळी खांदे उडवून चालणार नाही, टंकून सांग म्हणावं.

हे पत्र तुला पोचलं, की मी दुकानाच्या फोनवर फोन करणार आहे. त्याला सांगून ठेव. मी एकच प्रश्न विचारीन, कसा आहेस, आणि त्यानंतर एक शब्दही बोलणार नाही. त्याला एकेक अक्षर शोधायला वेळ लागतो, मी पाहिलं आहे. घाई करू नको म्हणावं. मी थांबते.

आत्या